मोज्यांचा रंग ठरवणाऱ्यांना

राज्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य, खासगी शाळांतल्या पालक-शिक्षक संघांचे पदाधिकारी आणि सर्व मुख्याध्यापक यांस,



पुढच्या वर्षाचा गणवेश ठरवायला तुम्ही बसता तेव्हा कापडाचे नमुने टेबलावर येतात. शर्टाचा रंग, स्कर्टच्या चुण्या, मुलांना फुल पँट कितवीपासून, मुलींना सलवार-कमीज कितवीपासून, यावर तासभर तरी बोलणं होतं. मोज्यांची पाळी अगदी शेवटी येते. सगळे उठायच्या बेतात असतात आणि कोणीतरी म्हणतं, ‘‘मोजे पांढरेच ठेवू या, नेहमीसारखे.’’ इतिवृत्तात तसं लिहिलं जातं आणि बैठक संपते. पुढचं वर्षभर शेकडो घरांत रोज संध्याकाळी त्या एका वाक्याची किंमत मोजली जाते. म्हणून हे पत्र फक्त मोज्यांबद्दल आणि मुलींच्या लेगिंग्जबद्दल आहे.

हे तुम्हालाच लिहिण्याचं कारण आहे. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आली. आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट किंवा स्कर्ट असा एकच गणवेश राज्यभरातल्या सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत द्यायचं ठरलं. कपडे अनेक ठिकाणी उशिरा पोचले, मापांच्या तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने तो निर्णय फिरवून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. म्हणजे रंग तुम्ही ठरवायचा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. मोजे घरात कोण धुतं हे ज्यांना सांगावं लागत नाही, अशा बायका त्या खोलीत बसलेल्या असतात. त्यांनी या विषयावर गप्प बसू नये, अशी माझी पहिली विनंती आहे.

पांढऱ्या मोज्याचं काय होतं ते रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही आईला विचारा. जांभ्याची माती तांबडी असते ती लोहामुळे. पावसात ती चिखल होऊन मोज्याच्या विणीत शिरते आणि धाग्याला धरून बसते. साबण तेल काढतो, घाम काढतो, पण लोहाचा डाग साबणाला दाद देत नाही. लिंबू चोळून, उन्हात टाकून थोडा फिका होतो, एवढंच. आणि जून-जुलैत कोकणात ऊन कुठून आणायचं? दोन आठवड्यांत टाच आणि चवडा कायमचे विटकरी होतात. मराठवाड्यात, विदर्भात, सोलापूरकडे काळी माती. ती थोडी बरी निघते, पण बारीक असते, चिकट असते, आणि मोजा हळूहळू मळकट राखाडी होत जातो. मग ब्लीचचं पाणी येतं. मोज्यात सुताबरोबर नायलॉन आणि ताण देणारा इलॅस्टेनचा धागा असतो. क्लोरीनच्या ब्लीचने हे दोन्ही पिवळे पडतात आणि इलॅस्टेनचा जीव जातो. मोजा पांढरा करायला जावं तर तो ढिला होऊन घोट्यावर गोळा होतो. दुकानात जो पांढराशुभ्र दिसतो, त्यातला बराचसा उजळपणा कारखान्यात लावलेल्या उजाळकांचा असतो. ते ऊन आणि धुण्याने उतरतात. त्यानंतर जे राहतं ते फिकट पिवळट सूत, आणि ते कितीही घासलं तरी पहिल्या दिवसासारखं होत नाही, कारण तो मळ नसतोच.

मग रंग कुठला?

माझं मत स्पष्ट आहे. बहुतेक शाळांसाठी साधा, गडद राखाडी मोजा. नेव्ही ब्लू स्कर्ट-पँटखाली तो चालतो, मरूनखाली चालतो, बॉटल ग्रीनखाली चालतो, राखाडी पँटखाली तर आपोआपच जुळतो. काळ्या बुटाशी त्याचं भांडण नाही आणि पांढऱ्या कॅनव्हासशीही नाही. ही गोष्ट दुसऱ्या कुठल्याही गडद रंगाबद्दल इतक्या खात्रीने सांगता येत नाही. काळा मोजा पांढऱ्या कॅनव्हासवर तुटक दिसतो. नेव्ही मोजा मरून स्कर्टखाली परका वाटतो. राखाडी मात्र कोणाशीच स्पर्धा करत नाही.

त्यातही निवड असेल तर मिलांज सुताचा राखाडी घ्यावा. त्यात आधीच रंगवलेले गडद आणि फिकट तंतू एकत्र कातलेले असतात, त्यामुळे जवळून पाहिलं तर बारीक ठिपके-ठिपके दिसतात. रंग थोडा उतरला तरी डोळ्याला कळत नाही, कारण मुळातच तो एकसारखा नसतो. एकरंगी काळा मोजा वीस-पंचवीस धुण्यांनंतर तपकिरी-हिरवट झाक दाखवू लागतो. नेव्हीचं तर विचारूच नका. एका दुकानातला नेव्ही जांभळ्याकडे झुकतो, दुसऱ्यातला काळ्याकडे, आणि सहा महिन्यांनी वर्गातल्या चाळीस मुलांच्या पायांत निळ्याच्या दहा छटा असतात. त्याला मुलं किंवा आया जबाबदार नसतात. सूत एका प्रकारच्या रंगाने रंगतं, पॉलिस्टर दुसऱ्या प्रकारच्या. सुताचं प्रमाण बदललं की तोच निळा वेगळा दिसतो आणि वेगळा विटतो.

राखाडी नको असेल तर दुसरा चांगला मार्ग म्हणजे स्कर्टचा किंवा पँटचाच रंग मोज्याला देणं. गडद निळ्याखाली गडद निळा. यात पाय एका रेषेत दिसतो आणि मूल जरा उंच, नीटस वाटतं. पांढरा मोजा नडगीवर आडवी रेघ ओढतो, खालचा पाय वेगळा तोडल्यासारखा दिसतो. ज्या समितीला ‘दिसायला व्यवस्थित’ हवं आहे तिने हेही पाहावं. खाकी पँट आणि तपकिरी बूट असतील तर मात्र राखाडी आणि निळा दोन्ही सोडा, तपकिरी मोजा घ्या. चेक्सचा पिनाफोर असेल तर चौकटीतला सर्वांत गडद धागा निवडा. लाल-निळे-पांढरे चेक्स असतील तर निळा, लाल नव्हे. मरून आणि लाल मोजे पहिल्या दोन-तीन धुण्यांत रंग सोडतात आणि त्याच बादलीत शाळेचा पांढरा शर्ट असतो.

नमुना पसंत करताना चार गोष्टी बैठकीतच करून पाहता येतात. ट्यूबलाइटखाली पाहू नका, नमुना आणि स्कर्टचं कापड दोन्ही हातात घेऊन व्हरांड्यात या. मोजा मुठीवर चढवून ताणा. स्वस्त गडद मोजा ताणला की आतला पांढरा धागा वर येतो, आणि पोटरी भरलेल्या मुलाच्या पायात तो सगळा वेळ तसाच फिकट दिसणार असतो. ओला करून पांढऱ्या रुमालावर घासा, रुमालाला रंग लागला तर तो नमुना परत करा. आणि रबर पाहा. वरच्या काठाचं रबर बारीक आणि करकचून असेल तर दुपारपर्यंत मुलाच्या नडगीवर लाल वळ उमटतो. काठ रुंद आणि विणीतलाच असावा. हे सगळं करायला दहा मिनिटं लागतात.

पैशांचं बोलायलाच हवं. जुलै २०२३ मध्ये शासनाने गणवेशासोबत एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले. चांगला निर्णय होता. अनवाणी किंवा तुटक्या चपलेत येणाऱ्या मुलाच्या पायात बूट आला, हे लहान नाही. पण १७० रुपयांतून बूट घेतल्यावर मोज्यांसाठी काय उरतं याचा हिशेब कोणालाही करता येईल. इतक्या कमी पैशांत पांढरा मोजा घेतला तर तो दिवाळीपर्यंत टिकत नाही, आणि मग घरच्यांना खिशातून घ्यावा लागतो. त्याच पैशांत गडद साधा मोजा निदान वर्ष तरी काढतो, कारण मोजा बहुतेक वेळा फाटून नव्हे, डागाळून बाद होतो.

आता पट्टे आणि लोगो. हा खासगी शाळांचा विषय आहे आणि इथे मला राग येतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात गणवेशाच्या दुकानात गेलं की मागच्या फळीवर मोज्यांचे गठ्ठे दिसतात. पांढरा मोजा, वर दोन मरून पट्टे, ही एक शाळा. पांढरा मोजा, वर एक मरून आणि एक हिरवा पट्टा, ही दुसरी. राखाडी मोजा, घोट्यावर शाळेचं बोधचिन्ह, ही तिसरी. वीण तीच, जाडी तीच, बहुधा यंत्रही तेच. फरक दोन बोटांच्या पट्टीचा आणि त्या पट्टीमुळे तो मोजा दुसऱ्या कुठल्याच दुकानात मिळत नाही. थोरल्या मुलाचे मोजे धाकट्याला होत नाहीत, कारण त्याची शाळा वेगळी. मापं संपली की दुकानदार म्हणतो, ‘‘ताई, पंधरा दिवसांनी या.’’ त्या पंधरा दिवसांत मुलीने काय घालायचं हे त्याच्या हातात नाही, आणि शाळेच्या दारावर उभ्या शिपायाच्याही नाही.

पट्ट्याचा आणखी एक तोटा फारसा कोणी मोजत नाही. मोजे जोडीने हरवत नाहीत, एकेकटे हरवतात आणि एकेकटे फाटतात. सगळे मोजे साधे आणि एका रंगाचे असतील तर तीन जोड्यांतला एक गेला तरी दोन जोड्या पूर्ण राहतात आणि एक सुटा हाताशी राहतो. पुढच्या महिन्यात आणखी एक गेला तरीही दोन जोड्या राहतात. साधा मोजा कोपऱ्यावरच्या कुठल्याही दुकानात, आठवडी बाजारात, रस्त्यावरच्या टोपलीत मिळतो. गरीब घरातलं मूल आणि बंगल्यातलं मूल यांच्या पायांत फरक दिसत नाही. गणवेश आहे तो त्यासाठीच ना?

कायद्यानेही ही गोष्ट ओळखली आहे. उत्तर प्रदेशाच्या २०१८ च्या खासगी शाळा शुल्क नियमन कायद्यात अमुक एका दुकानातूनच पुस्तकं, बूट, मोजे आणि गणवेश घेण्याची सक्ती करता येणार नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि पाच वर्षांच्या आत गणवेश बदलायलाही बंदी घातली आहे. दिल्ली सरकारने मे २०२२ मध्ये खासगी शाळांना आदेश दिला की गणवेशाचा रंग आणि नमुना किमान तीन वर्षं बदलू नये आणि निदान पाच दुकानांची यादी पालकांना द्यावी. महाराष्ट्रातल्या पालक-शिक्षक संघांनी कायद्याची वाट पाहायचं कारण नाही. ‘मोजे : गडद राखाडी, साधे, कुठूनही’ एवढी ओळ माहितीपत्रकात छापली की काम झालं.

पी.टी.चा दिवस. अनेक शाळांत आठवड्यातले एक-दोन दिवस पांढरा गणवेश, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पांढरे मोजे असतात. काही ठिकाणी हाउसच्या रंगाचे, लाल, पिवळे, हिरवे, निळे. हे मोजे घालून मुलं मैदानात जातात, म्हणजे जिथे सर्वांत जास्त माती आहे तिथे आपण सर्वांत फिका मोजा पाठवतो. हाउसचा रंग टी-शर्टला असू द्या, बिल्ल्याला असू द्या. पायाला तोच रोजचा राखाडी पुरे.

मुलींबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे. सहावी-सातवीपासून स्कर्टखाली काहीतरी घालावंसं मुलींना वाटतं आणि त्या घालतात. कोणी स्लॅक्स म्हणतं, कोणी लेगिंग्ज, कोणी नुसती सायकलिंगची चड्डी. बाकावर बसताना, कबड्डी खेळताना, जिना चढताना त्यांना मोकळं वाटतं. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्या घेऊन मुली दोन-चार किलोमीटर वाऱ्यात स्कर्ट सावरत शाळेत येतात. निफाडसारख्या भागात डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या थंडीत गुडघे उघडे ठेवून यायचं म्हणजे काय, हे तिथल्या शिक्षकांना मी सांगायला नको. आणि पाळी सुरू झालेल्या मुलीला गडद लेगिंग्जचा जो आधार असतो, तो स्वच्छतागृह दूर किंवा बंद असलेल्या शाळेत तर फार मोठा असतो.

तरीही अनेक शाळांत लेगिंग्ज म्हणजे शिस्तभंग समजला जातो. कोणी काळी घातली, कोणी चॉकलेटी, कोणी फुलाफुलांची, आणि गणवेश बिघडला, अशी तक्रार येते. तक्रार खरी आहे, पण उपाय बंदी नाही. उपाय रंग ठरवून देणं हा आहे. गणवेशाच्या नियमात लिहा : मुलींना ऐच्छिक, स्कर्टच्या रंगाची किंवा त्याहून एक छटा गडद, साधी लेगिंग. एक छटा गडद अशासाठी की लेगिंग गुडघ्यावर आणि मांडीवर ताणली जाते आणि ताणलेलं कापड फिकं दिसतं. स्कर्टच्याच छटेची घेतली तर पायात ती उजळ वाटते. कापड सुती, जाडसर असावं. पातळ पॉलिस्टरमध्ये विदर्भातल्या उन्हाळ्यात पाय भाजून निघतात, तिथे शाळा जूनच्या शेवटी सुरू होतात तेव्हाही उकाडा ओसरलेला नसतो. लेगिंग घोट्यापर्यंत असेल तर मोजा आखूड चालू द्या, दोन थर नकोत. काही शाळा गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे सांगतात, काही अंगाच्या रंगाचे लांब स्टॉकिंग्ज. दुकानातला तो फिका गुलाबी-पिवळा ‘स्किन’ रंग आपल्या मुलींच्या पायांना क्वचितच जुळतो, आणि सावळ्या मुलीच्या पायावर तर तो मुखवट्यासारखा दिसतो. शाळेने हे तिच्यावर लादू नये.

आणि ऐच्छिक म्हणजे खरोखर ऐच्छिक. ज्या मुलीला नको तिला नको. आज घातली, उद्या नाही घातली, तर का म्हणून तिला विचारायचं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर वर्गासमोर देणं मुलीला किती जड जातं, हे समितीतल्या बायकांना ठाऊक आहे.

पावसाळ्याचं वेगळं ठरवा. कोकणात, मुंबई-ठाण्यात, घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर बंद बूट आणि मोजे म्हणजे पायाच्या बोटांना चिखल्या. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, सुटते, आग होते, खाज सुटते, आणि ओल्या मोज्यात पाच तास बसून ती बरी होत नाही. कित्येक शाळांनी या चार महिन्यांत रबरी सँडल आणि बिनमोज्याचे पाय चालवून घ्यायला सुरुवात केली आहे. त्यांचं शहाणपण इतरांनी उचलावं. जिथे बूटच हवेत तिथे निदान दप्तरात कोरडी जोडी आणायला आणि वर्गात येऊन बदलायला मुलांना वेळ द्या. गडद साध्या मोज्यांत जास्तीची जोडी ठेवणं परवडतं.

पांढऱ्याच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो आणि तो मांडणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पांढऱ्यावर मळ दिसतो, म्हणून मुलांना स्वच्छतेची सवय लागते, गडद मोजा चार दिवस न धुता चालवला जातो. मी हे खूप ऐकलं आहे आणि मला ते पटत नाही. डाग आणि अस्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज धुतलेला पांढरा मोजाही तांबड्या डागामुळे घाणेरडा दिसतो आणि परिपाठाच्या वेळी नखं-मोजे तपासणाऱ्या मॉनिटरच्या नजरेत ते मूल अस्वच्छ ठरतं. जिच्या घरी नळाला दिवसाआड पाणी येतं तिचा मोजा आणि जिच्या घरी वॉशिंग मशीन आहे तिचा मोजा आपण एका रांगेत उभे करून तपासतो. स्वच्छता शिकवायची तर आदल्या दिवशीचा मोजा आज घालायचा नाही, घरी गेल्यावर स्वतः बादलीत टाकायचा, पिळून उलटा वाळत घालायचा, हे शिकवा. पाचवीतल्या मुलाला ते जमतं, मुलींइतकंच मुलग्यांनाही जमतं, आणि त्याला कुठल्या रंगाची गरज नाही.

ज्यांनी चुकीच्या रंगाचा मोजा घातला म्हणून मुलांना वर्गाबाहेर उभं केलं असेल, त्यांना एवढंच सांगते की शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. मोज्यासाठी मुलाचा एक तास बुडवणं हे शिक्षणाच्या कुठल्याही हिशेबात बसत नाही. पालकाला चिठ्ठी पाठवा, आठवड्याची मुदत द्या. तेवढ्यात बाजाराचा दिवस येतो.

माझी मागणी थोडी आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या बैठकीत मोज्यांचा विषय शेवटी न ठेवता कापडाच्या बरोबरीने विषयपत्रिकेवर घ्या. दोन-तीन प्रकारच्या जोड्या आधीच विकत आणा, समितीतल्या दोघी-तिघींना महिनाभर घरी मुलांच्या पायात घालून, धुऊन पाहायला सांगा आणि त्या धुतलेल्या जोड्या बैठकीत टेबलावर ठेवा. मुलींच्या लेगिंग्जचा नियम ठरवण्याआधी सातवी-आठवीच्या मुलींना शिक्षिकेमार्फत विचारा. जुने पांढरे मोजे ज्यांच्याकडे आहेत त्यांना ते फाटेपर्यंत घालू द्या, म्हणजे नव्या नियमाचा भुर्दंड कोणावर पडणार नाही. आणि ठरलेला रंग निदान पाच वर्षं बदलू नका.

आपली,
एक पालक